जठराचे दार अरुंद होते तेव्हा

खाल्लेले अन्न जठरात घुसळले जाऊन त्याचा पातळ लगदा होतो. जठराच्या खालच्या टोकाशी स्नायूंचे एक दार असते. त्यातून हा लगदा थोडा थोडा लहान आतड्यात उतरतो. हे दार अरुंद झाले की अन्न जठरातच साचते. चार घासांतच पोट भरल्यासारखे वाटते, सकाळचे अन्न संध्याकाळी उलटीतून पडते आणि वजन घटत जाते. पुष्कळ लोक याला पित्त समजून घरगुती उपाय करीत राहतात. त्यात मोलाचा वेळ जातो.

जुना व्रण वारंवार चिघळून भरत राहिला, तर तेथील भाग कठीण होऊन आकसतो. तीव्र आम्ल पोटात गेल्यानेही असे घडते. कधी कर्करोगाची गाठ वाट अडवते.

पूर्वी यावर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय होता. १९५४ मध्ये पंजाबात जन्मलेले शास्त्रज्ञ नरिंदर सिंग कपानी आणि हॅरल्ड हॉपकिन्स यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेता येते, हे दाखवून दिले. याच तत्त्वावर १९५७ मध्ये बेसिल हिर्शोविट्झ यांनी लवचीक दुर्बीण प्रत्यक्षात आणली. त्यामुळे पोट न उघडता जठराच्या दारापर्यंत पोहोचणे शक्य झाले.

आज हा उपचार मुंबई-पुण्याप्रमाणेच बंगळूरुच्या जे. पी. नगरसारख्या भागांतील रुग्णालयांतही होतो. प्रथम जठरात साचलेले अन्न नळीने काढतात. मग गुंगीचे औषध देऊन तोंडावाटे दुर्बीण आत नेतात. कर्करोगाची शंका दूर करण्यासाठी तेथील लहानसा तुकडा तपासणीस घेतात. नंतर अरुंद जागी मिटलेला फुगा बसवून तो पाण्याने हळूहळू फुगवतात. घाई केल्यास जठर फाटण्याचा धोका असतो. म्हणून काही दिवसांच्या अंतराने, टप्प्याटप्प्याने, वाट साधारण १५ मिलिमीटरपर्यंत रुंद करतात. कर्करोगाची गाठ काढता येण्याजोगी नसेल, तर धातूची जाळीदार नळी बसवून वाट मोकळी ठेवतात. फुग्याने काम भागले नाही, तर शस्त्रक्रिया करावी लागते.

मात्र दार उघडले म्हणजे आजार संपला, असे नाही. व्रणाचे एक प्रमुख कारण जंतू आहे, हे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनी दाखवले. त्यासाठी त्यांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. जंतुनाशक औषधांचा पूर्ण क्रम घेतला नाही किंवा वेदनाशामक गोळ्या मनानेच घेणे थांबवले नाही, तर मोकळी झालेली वाट पुन्हा आकसू शकते. वैद्याच्या कौशल्याला रुग्णाच्या पथ्याची जोड हवी.