टाचेची शीर तुटली तर १ ऑगस्टकडे नको, पायाकडे बघा



होडीतून जेटीवर उडी मारली, ‘फट्’ असा आवाज झाला आणि मागून कोणीतरी टाचेवर लाथ घातल्यासारखं वाटलं. वळून बघितलं तर मागे कोणीच नाही. टाचेची शीर तुटलेली बरीच माणसं हेच सांगतात. डॉक्टर तिला अ‍ॅकिलीस टेंडन म्हणतात. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारा हा जाड दोर. शरीरातला सगळ्यात मजबूत, पण झटका बसला की हाही तुटतो. तिशी ते पन्नाशीतल्या पुरुषांत हे जास्त होतं.

मुरगळलं समजून बसू नका

शीर तुटली तरी दुसऱ्या स्नायूंच्या जोरावर पाय थोडा हलतो, लंगडत चालताही येतं. म्हणून माणूस तेल चोळून घरी बसतो आणि मोलाचे दिवस जातात. घरच्या घरी एक तपासणी करा. पालथं झोपवून पावलं खाटेबाहेर ठेवा आणि पोटरी हाताने दाबा. चांगल्या पायाचं पाऊल हलेल. दुखऱ्या पायाचं हललं नाही, तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरकडे जा. हललं तरी शंका असेल तर दाखवाच. तुटलेल्या जागी मालीश नको, ओढून बसवणं तर नकोच.

इलाज दोन प्रकारचे: ऑपरेशन, किंवा पाऊल खाली झुकवून प्लास्टर आणि मग बूट. कुठला करायचा ते डॉक्टर ठरवतील. पुढची मेहनत दोन्हीत सारखीच.

तारखेचा हिशोब कुठे चुकतो

आपल्याकडे बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. समजा १० एप्रिलला शीर तुटली. ३ जुलैला १२ आठवडे होतात. तोवर बूट निघालेला असतो, दुखणंही कमी असतं. घरातले म्हणतात, "आता बरा झालास." १ ऑगस्टला होतात १६ आठवडे, आणि माणूस ट्रॉलरवर चढतो. गोची इथेच होते. दुखणं थांबलं म्हणजे शीर भार घ्यायला तयार झाली असं नाही. पहिले काही महिने ती पुन्हा तुटायचा धोका सगळ्यात जास्त, आणि हलत्या, ओल्या डेकवर पाय कधी घसरेल ते सांगता येत नाही.

डेव्हिड बेकहॅमची हीच शीर मार्च २०१० मध्ये तुटली. त्या वर्षीचा वर्ल्ड कप हुकला, आणि मैदानात परतायला सप्टेंबर उजाडला. उत्तम डॉक्टर दिमतीला असूनही सहा महिने गेले. जड कामाला परतायला नऊ महिने ते वर्षही लागू शकतं.

म्हणून ‘अमुक तारखेला समुद्रावर’ असं ध्येय ठेवू नका. पायाला आज काय जमतं आणि पुढे काय जमायला हवं, ते ध्येय ठेवा.

पायऱ्या अशा (आठवडे अंदाजे आहेत, तुमच्या डॉक्टरांचं ऐका)

१) पहिले २ आठवडे: पाय छातीपेक्षा उंच ठेवून सूज कमी करणं, कुबड्यांवर न पडता संडासपर्यंत जाणं, प्लास्टर कोरडं ठेवणं. एवढंच ध्येय. हात आणि चांगला पाय यांचा व्यायाम चालू ठेवा.

२) आठवडा ३ ते ८: बूट घालून, सांगतील तेवढाच भार देत चालणं. बुटात टाचेखाली पाचरी असतात, त्या डॉक्टर एकेक करून काढतात. घाईने स्वतः काढू नका. या काळात शीर ताणली गेली तर ती लांब होऊन जुळते आणि पायाचा रेटा कायमचा कमी होतो. उकिडवं बसू नका. जाळं विणताना, मासळी निवडताना, संडासला, कुठेच नाही. खुर्ची आणि कमोड वापरा.

३) आठवडा ९ ते १२: टाच थोडी उंच असलेले बूट घालून सपाट जागेवर १० मिनिटं न लंगडता चालणं. बसून टाचा उचलणं, मग भिंतीला धरून दोन्ही पायांवर. अनवाणी चालणं नको, वाळूत तर नकोच. वाळूत टाच खाली रुतते आणि शिरेवर ताण येतो.

४) तिसरा ते सहावा महिना: एका पायावर ३० सेकंद तोल. जिना नीट उतरणं. मग सगळ्यात मोठी परीक्षा, दुखऱ्या एकाच पायाच्या चवड्यावर उभं राहणं. आधी एकदा, मग पाच, मग दहा वेळा. चांगल्या पायाइतकी उंची येते का ते बघा.

५) सहा महिन्यांनंतर: फिजिओथेरपिस्टने होकार दिला की हळू धावणं, छोटी उडी. मग शांत पाण्यात, जेटीला बांधलेल्या होडीत रिकाम्या हाताने चढ-उतार. ते जमलं की हातात अर्धा क्रेट. रापण ओढणं सगळ्यात शेवटी. मागे रेलून वाळूत टाच रोवायची म्हणजे पूर्ण भार शिरेवर.

डिझेल आणि मासळीचा हिशोब वहीत लिहिता, तसाच पायाचाही लिहा. तारीख, किती मिनिटं चाललो, टाच किती वेळा उचलली, दुसऱ्या दिवशी सकाळी सूज होती का. सूज किंवा दुखणं वाढलं तर एक पायरी मागे या. त्यात कमीपणा नाही.

ताबडतोब इस्पितळात जा

पोटरी अचानक सुजली, गरम झाली, दुखू लागली तर रक्ताची गाठ असू शकते. त्यात दम लागला किंवा छातीत दुखलं तर एक मिनिटही थांबू नका. जखमेतून पू, ताप किंवा पुन्हा ‘फट्’ आवाज आला तरी तसंच.

आणखी दोन गोष्टी. तंबाखू-विडीमुळे जखम भरायला उशीर होतो. आणि सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गोळ्यांमुळे ही शीर कमजोर होऊ शकते. पोट बिघडलं म्हणून दुकानातून स्वतःच घेऊ नका.

मालकांना विनंती

खलाश्याला विचारताना "कधी येतोस?" असं विचारू नका. "आता काय जमतं?" असं विचारा. डॉक्टरांनी हलक्या कामाला होकार दिला असेल तर जेटीवर खुर्चीत बसून जाळं दुरुस्त करणं, लिलावाचा हिशोब, वजनाची नोंद अशी कामं देता येतात. त्याला चार पैसे मिळतील आणि घाईने बोटीवर चढायची पाळी येणार नाही. दुसऱ्यांदा शीर तुटली तर त्याचा पुढचा हंगामही जातो.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेच्या गट अपघात विम्यात ज्यांची नोंद आहे, त्यांना अपघातात इस्पितळात दाखल व्हावं लागलं तर २५ हजार रुपयांपर्यंत खर्च मिळू शकतो. डिस्चार्ज कार्ड, बिलं, रिपोर्ट फेकू नका. आपली नोंद आहे की नाही, हे पाय धड असतानाच बघून घ्या.

समुद्र पुढच्या वर्षीही इथेच असेल. पाय धड राहिला तर आपणही त्यावर असू. ही पोस्ट आपल्या बोटीवरच्या ग्रुपवर नक्की पाठवा.