पुरावा सापडला, पण कशाचा? पुरातत्त्व, श्रद्धा आणि मावशींचा प्रश्न

पेट झाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे, अशा टप्प्यावर असलेल्यांसाठी आजचा लेख आहे. उदाहरणं पुरातत्त्वातली आहेत. पण तुमचा विषय समाजशास्त्र असो की मराठी, यातली एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. हातात आलेला पुरावा नेमका कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो, हे ओळखणं.

खरं सांगायचं तर हे मी वर्गात शिकले नाही, राजुऱ्यात शिकले. मागच्या नाताळात घरी गेले होते. आमच्या शेजारी एक ख्रिस्ती मावशी राहतात, निवृत्त नर्स. दरवर्षीप्रमाणे त्यांच्याकडे फराळाला गेले, तर त्यांनी विचारलं, "तू तं जुन्या वस्तूंचाच अभ्यास करतेस ना वं? मंग सांग, थोमा खरंच भारतात आला होता का?"

येशूच्या बारा शिष्यांपैकी थोमा भारतात आला, अशी ख्रिस्ती परंपरा आहे. मी ताडकन म्हटलं, "तसा काही पुरावा नाही, मावशी." त्या काही बोलल्या नाहीत. करंज्यांची ताटली माझ्याकडे सरकवली आणि आत गेल्या.

बल्लारशाहहून गाडीत बसल्यावर तेच डोक्यात होतं. माझं उत्तर उद्धट तर होतंच, पण संशोधन म्हणूनही कच्चं होतं. का, ते सांगते.

नाण्यावरचा राजा

'थोमाची कृत्ये' नावाचा एक जुना ग्रंथ आहे. तो साधारण इ.स. तिसऱ्या शतकात सिरियाक भाषेत लिहिला गेला, असं मानतात. त्यातली कथा अशी: थोमा हा बांधकाम जाणणारा कारागीर म्हणून भारतातल्या गुंदफर राजाकडे येतो. राजा त्याला महाल बांधायला पैसे देतो. थोमा ते गरिबांना वाटून टाकतो आणि सांगतो, महाल स्वर्गात बांधला.

हा राजा दुसरीकडे कुठे भेटत नसे, त्यामुळे तो कथेपुरताच असावा असं अनेकांना वाटायचं. मग 19व्या शतकात, 1830 च्या दशकापासून, अफगाणिस्तान आणि पंजाबच्या भागात नाणी सापडू लागली. त्यांवर गोंडोफर्नीस या राजाचं नाव होतं. पुढे पेशावरजवळच्या तख्त-ए-बाहीचा शिलालेखही मिळाला. त्यात या राजाचं 26वं राज्यवर्ष आणि एका संवताचं 103वं वर्ष दिलेलं आहे. तो संवत इ.स.पूर्व 58-57 च्या सुमाराचा धरला, तर राजा थोमाच्याच काळात येतो. मात्र या नावाचे एकाहून अधिक राजे असावेत, असंही काही अभ्यासक म्हणतात आणि कालगणना बदलतात.

आता इथे थांबा आणि स्वतःला विचारा, नाण्याने काय सिद्ध झालं? राजा होता, एवढंच. थोमा त्याच्या दरबारात गेला, हे नाणं सांगत नाही. पण ग्रंथ सगळाच मनगढंत आहे, असंही आता म्हणता येत नाही. लिहिणाऱ्याला दीड-दोनशे वर्षांपूर्वीच्या, हजारो किलोमीटर दूरच्या राजाचं खरं नाव माहीत होतं. ते कसं पोचलं? हा नवा, चांगला संशोधनप्रश्न आहे. माझ्या "पुरावा नाही" या दोन शब्दांत हे सगळं गिळलं गेलं होतं.

जुन्या गोव्यातलं हाड

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनच्या चर्चचा उंच, अर्धवट पडलेला मनोरा तुम्ही पाहिला असेल. 1835 मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बंद केल्यावर तिथला मठ ओस पडला आणि 1842 मध्ये चर्चचं छत कोसळलं.

या ढिगाऱ्याशी जॉर्जिया देशाचं नातं आहे. काखेतीची राणी केतेवान हिला इराणच्या शाह अब्बासच्या आज्ञेने 1624 मध्ये शिराझ इथे हाल हाल करून मारलं, कारण तिने ख्रिस्ती धर्म सोडायला नकार दिला. तिथे असलेल्या ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष मिळवले आणि त्यांतला काही भाग 1627 मध्ये गोव्याला आणला. जॉर्जियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ती संत आहे.

अवशेष मठातल्या एका विशिष्ट दालनात, दुसऱ्या खिडकीपाशी दगडी पेटीत ठेवले आहेत, अशी नोंद पोर्तुगीज कागदपत्रांत होती. पण छतच कोसळलं, तर दुसरी खिडकी कुठली? भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने वर्षानुवर्षं ढिगारा उपसला, आराखडा पुन्हा जुळवला आणि 2004 च्या सुमारास ती जागा निश्चित झाली. तिथल्या अवशेषांत हाताचं एक हाड मिळालं.

ते हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत गेलं. शास्त्रज्ञांनी मायटोकॉन्ड्रियल डीएनए तपासला. हा डीएनए फक्त आईकडून मुलांकडे येतो, म्हणून आईकडची वंशरेषा त्यातून कळते. हाडात यू1बी नावाचा गट निघाला. भारतातल्या 22,000 हून जास्त नमुन्यांत तो एकदाही नव्हता. जॉर्जियातल्या 30 पैकी 2 नमुन्यांत होता.

आता हा शोधनिबंध तुम्ही लिहिताय असं समजा. शीर्षक काय द्याल? "राणी सापडली"? मूळ निबंधाच्या शीर्षकात 'बहुधा' या अर्थाचा शब्द आहे. कारण यू1बी ही एका व्यक्तीची सही नव्हे, त्या वंशरेषेतल्या कितीतरी जणांमध्ये तो असतो. शिवाय राणीच्या ज्ञात नातेवाइकांचा नमुना तुलनेला नव्हता. निष्कर्ष उभा राहिला तो तीन पायांवर: कागदातली नोंद, उत्खननातली जागा आणि डीएनए. एकेकटा पाय लंगडा आहे. तिघांनी मिळून 'बहुधा' पेललं.

जुलै 2021 मध्ये भारताने या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला कायमचा दिला. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर स्वतः तिबिलिसीला गेले होते. तिथल्या लोकांसाठी हे हाड म्हणजे नमुना नव्हे. जवळजवळ चारशे वर्षांनी घरी आलेली राणी होती.

आणि समजा, हाडात भारतीय गट निघाला असता तर? "हे हाड तिचं आहे" हा दावा पडला असता. ती धर्मासाठी मेली, ही गोष्ट पडली नसती, कारण तिचा आधार त्या काळच्या नोंदी आहेत. आणि ती संत आहे का, हे तर कुठल्याच प्रयोगशाळेत ठरत नाही.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी

म्हणून वहीत तीन ओळी लिहा. एक, माझा पुरावा थेट कोणत्या दाव्याला भिडतो? दोन, काय सापडलं तर मी माझं म्हणणं मागे घेईन? तीन, कोणता प्रश्न माझ्या साधनांच्या कक्षेबाहेर आहे?

सराव आपल्याच जिल्ह्यात करा. चिनी प्रवासी युआन श्वांगने वर्णन केलेल्या कोसल देशाची राजधानी म्हणजे आपलं भद्रावती, जुनं भांदक, असं काही अभ्यासकांनी सुचवलं होतं. तिथे विजासनची बौद्ध लेणी आहेत. ती लेणी काय सिद्ध करतात? बौद्ध भिक्षू तिथे राहत होते, हे. ती राजधानी होती, हे? त्यासाठी काय सापडावं लागेल, ते तुम्ही लिहा.

होळीला घरी गेले तेव्हा मी मावशींना नाण्याची गोष्ट सांगितली. राजा खरा होता, नावही जुळतं, थोमाबद्दल मात्र नाणं गप्प आहे, असं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे राजा तुमचा झाला. थोमा माझ्यापाशी राहू दे. पण हे तवाच काऊन नाही सांगितलं वं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तुमच्या व्हायव्हात कोणी असं विचारायच्या आत त्या तीन ओळी लिहून ठेवा.