तांदूळ, गेरू आणि कारवीचा कूड

कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या गुंफून कूड बांधायचा. माती आणि शेण कालवून तो दोन्ही बाजूंनी लिंपायचा. लिंपण वाळलं की वरून गेरूचा हात फिरवायचा. डहाणू, तलासरी, जव्हारकडच्या वारली घरात चित्राची सुरुवात इथून होते. रेघ फार उशिरा येते. त्याआधी जंगल, शेत आणि गोठा या तिन्हींनी आपापला वाटा दिलेला असतो.

मग तांदूळ. भिजवलेले तांदूळ पाट्यावर बारीक वाटायचे आणि पाणी घालत बेताचे पातळ करायचे. हा बेत हातालाच कळतो. पीठ घट्ट राहिलं तर वाळल्यावर पापुद्रे सुटतात, पातळ झालं तर रेघ भिंतीवरून ओघळते. कुंचला म्हणजे बांबूची काडी, टोकाला चावून किंवा ठेचून तंतू मोकळे केलेली. काढताना ओलं पीठ गेरूवर करडं, जवळजवळ दिसेनासं असतं. पाणी भिंतीत मुरलं की ते पांढरं उमटतं. म्हणजे काढणारीला आधीची रेघ पुरती दिसण्यापूर्वीच पुढची टाकावी लागते. त्रिकोणाला त्रिकोण टेकतो, कंबर तयार होते. चार काटक्यांएवढे हातपाय, वर डोक्याचा ठिपका, बाई असेल तर मागे अंबाडा. खोडरबर नाही आणि कच्चं रेखाटनही नाही.

लग्नघरात या रेघांनी काढलेल्या चित्राला चौक म्हणतात आणि तो सवासिनी लिहितात. मधोमध पालघट देवी, भोवती नक्षीच्या चौकटी, बाहेर झाडं, प्राणी, नाचणारी माणसं. लग्नविधी करणारी धवलेरी गाणी म्हणते आणि त्या गाण्यांसोबत चित्र पुरं होतं. चौकाशिवाय लग्न लागत नाही. लग्न उरकलं की त्याचं काम संपलं. पुढे चुलीचा धूर, पावसाळी ओल आणि नव्या लिंपणाचा थर त्याला हळूहळू मिटवत जातात. जपून ठेवायची वस्तू म्हणून तो काढलेलाच नसतो.

सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी या मुलखात आले. त्याआधी बिहारमधल्या दुष्काळात मिथिलेच्या बायकांच्या हाती कागद देणारे चित्रकार ते हेच. डहाणूजवळच्या गंजाडमध्ये त्यांना जिव्या सोमा मशे भेटले. मशे यांचा जन्म १९३४चा. आई लहानपणीच गेली, त्यानंतर हा मुलगा बोलेनासा झाला आणि धुळीत आकृत्या काढून आपलं म्हणणं सांगू लागला. मोठेपणी त्यांनी बायकांची ही कला हाती घेतली, तीही लग्नाची वाट न पाहता, रोज. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र पाहावं. साऱ्या कापडावर जाळं पसरलेलं, पांढऱ्या रेघेची एकेक गाठ वेगळी घातलेली, आणि त्या सगळ्या गाठी मिळून पाण्यासारख्या हलणाऱ्या. मात्र कागद-कापड भिंतीसारखं पीठ धरून ठेवत नाही, म्हणून पिठात डिंक आला. पुढे पोस्टर कलर आणि ॲक्रिलिक आले.

१९८९ साली पॅरिसमध्ये ‘मॅजिसिएं द ला तेर’ हे गाजलेलं प्रदर्शन भरलं. जां-ह्युबेर मार्तां यांनी जगभरातल्या कलावंतांना तिथे एका पातळीवर आणलं. त्यात मशे होते आणि इंग्लंडचे रिचर्ड लाँगही होते. १९६७ साली गवतात येरझारा घालून पायवाट उमटवायची आणि तिचं छायाचित्र हीच कलाकृती म्हणायची, असं धाडस लाँग यांनी केलं होतं. एव्हन नदीचा गाळ तळहातांनी भिंतीवर थापून वर्तुळं करणं हीसुद्धा त्यांचीच रीत. पुढे लाँग वारली मुलखात येऊन चालले, तिथल्या जमिनीवर त्यांनी कामं केली, आणि २००३ साली ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात दोघांचं एकत्र प्रदर्शन झालं. माती हे कलेचं साहित्य होऊ शकतं हे पश्चिमेला विसाव्या शतकात पटलं. वारली बायकांना ते कुणी पटवून द्यावं लागलं नव्हतं.

तापीकाठी, बुऱ्हाणपूरच्या निमाडातही घरच्या साहित्याने भिंतीवर काढायच्या आणि न जपायच्या चित्राचा हा धागा सापडतो. भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत मुली संध्याकाळी भिंतीवर संजा, म्हणजे शेणाची आकृती मांडतात, तिच्यावर फुलांच्या पाकळ्या चिकटवतात आणि गाणी म्हणतात. दुसऱ्या दिवशी जुनी उतरते, नवी चढते. अखेरीस किल्लाकोटाची आकृती होते आणि संजा पाण्यात सोडली जाते.

आजच्या मराठी कलावंतांत प्रभाकर पाचपुते यांचं काम साहित्याच्या याच अंगाने बघण्यासारखं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातलं सास्ती हे त्यांचं गाव, कोळसा खाणींच्या पट्ट्यातलं. त्यांनी साहित्य म्हणून कोळसाच निवडला. भिंतभर चारकोलने ते खाणकामगार, उकरलेली शेतं आणि अर्धे यंत्र झालेले देह काढतात. २०२२ साली त्यांचं काम व्हेनिस बिनालेत पोचलं. गावाची जमीन ज्या पदार्थासाठी खोदली जाते, त्याच्याच काळ्या रंगाने त्या जमिनीची हकिगत सांगणं, यात मला आजच्या कलेतला सर्वांत सच्चा निर्णय दिसतो.

कारण साहित्य कुठून येतं, हा प्रश्न टाळता येत नाही. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मग वाळते. तिच्यासाठी जंगल राहायला हवं. तांदळासाठी स्वतःचं शेत, शेणासाठी गुरं हवीत. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. २०२४ साली त्याच तालुक्याच्या किनाऱ्यावरच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. कुडाची घरं जाऊन सिमेंटची येत आहेत. पक्कं घर मागण्याचा वारल्यांना पूर्ण हक्क आहे, त्यात वाद नाही. पण गुळगुळीत रंगवलेल्या भिंतीत पाणी मुरत नाही, तिथे तांदळाचं पीठ टिकत नाही. मग ॲक्रिलिकची बाटली उघडावी लागते.

या बदलाचा दोष चित्रकारांवर टाकता येणार नाही. मशे २०१८ साली गेले. त्यांचे मुलगे सदाशिव आणि बाळू चित्रं काढत राहिले, आणि गंजाडचे मयूर व तुषार वायेडा हे भाऊ आज या रेघेला नवे विषय देत आहेत. अडचण आहे ती बाजारात. तिथे कपबशीपासून पडद्यापर्यंत सगळीकडे वारली नक्षी छापली जाते आणि ती काढणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. घरात वारली चित्र लावायचं असेल तर ते चित्रकाराकडून घ्या, त्यावर त्याचं किंवा तिचं नाव आहे ना ते बघा, रेघ पिठाची की रंगाची हे विचारा, आणि सांगितलेली किंमत घासाघीस न करता द्या.