कौलं परतायच्या दिवसांत

मालवणजवळचं चिऱ्याचं जुनं घर सुट्टीसाठी भाड्याने घ्यायचं तर मे महिन्याच्या अखेरीला घ्यावं. गर्दी ओसरलेली असते, हापूस उतरणीला लागला तरी फणस पिकत असतो, आणि पावसाच्या आत घराची कौलं परतायला काढलेली असतात. ज्या छपराखाली आपण पैसे मोजून झोपतो, ते कसं टिकतं हे तेव्हाच बघायला मिळतं.

आम्ही उतरलो ते घर माडांच्या बागेत आहे. पुढे शेणाने सारवलेलं खळं, मग लोटा म्हणजे ओसरी, माजघर, आणि वळई ही बाजूची खोली. मालक मुंबईतली नोकरी संपवून गावी परतले, तेव्हा हे घर फक्त गणपतीत उघडत असे. वाळवीने वासे पोखरले होते. पण मालक, म्हणजे आमचे काका, सांगतात, खरी खराबी केली ती सिमेंटने. मधल्या काळात कुणीतरी घर मजबूत व्हावं म्हणून भिंतींना सिमेंटचा गिलावा मारला होता. भिंती आतून ओल्या झाल्या, गिलाव्याला फुगे आले, पापुद्रे सुटले आणि सोबत चिऱ्याचा चुराही गळू लागला.

चिरा म्हणजे जांभा दगड. तो खाणीतून काढतो तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीनेही तासता येतो. वारा लागला की टणक होत जातो. पण अंगावरची छिद्रं तशीच राहतात. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातलं पाणी दगड शोषणारच. ते परत बाहेर पडायला वाट मात्र हवी. काकांनी हे एका वाक्यात सांगितलं, “चिरो पाणी पिता आणि सोडता. शिमीट लावून तेचां तोंड बांधलां तर तां पाणी जातलां खंय?”

म्हणून त्यांनी सगळा गिलावा खरवडून काढला आणि चुना लावला. कळीचा चुना खड्ड्यात भिजवून मुरत ठेवायचा, वाळूत मळायचा, पातळ थर द्यायचा, आणि तो भराभर सुकू नये म्हणून रोज पाणी शिंपडत राहायचं. घाई असलेल्या माणसाचं हे काम नाही, आणि चुन्यात हात बसलेले गवंडीही आता शोधावे लागतात. समोर कुरटे बेटावर 1664 मध्ये सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं; त्या किल्ल्यात शिवाजी महाराजांच्या हातापायाचे म्हणून जे ठसे दाखवतात, तेही चुन्यातच उमटलेले आहेत. किल्ला पाहून परतल्यावर मी घराच्या भिंतीवरून हात फिरवला. थंड होती, पण ओलसर नव्हती.

कौलांचं काम पाहण्यात माझी एक अख्खी सकाळ गेली. दोघं वर चढले. एकेक कौल उतरवायचं, शेवाळ खरवडायचं, मग बोटाच्या पेराने वाजवायचं. खणखणीत वाजलं तर परत जागेवर, बद्द वाजलं तर खाली. बद्द वाजणाऱ्या कौलाला केसाएवढी चीर असते. डोळ्यांना ती दिसत नाही, पावसाला सापडते. उघड्या पडलेल्या रिपांवरून एकजण हात फिरवत जायचा आणि कुजकी रीप लगेच बदलायचा. वानरांनी उड्या मारून फोडलेली कौलं वेगळीच. बदली कौलं काका पाडलेल्या घरांतून आणून ठेवतात, कारण एका कारखान्याच्या कौलाची खाच दुसऱ्याच्या कौलात नीट बसत नाही. मंगलोरला बासेल मिशनने 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढल्यानंतर किनाऱ्यावर असे कितीतरी कारखाने झाले, त्यामुळे कौलाच्या पाठीवरचा शिक्का वाचूनच जोडी लावावी लागते. पश्चिमेच्या भिंतीवर तिरपा पाऊस येतो. तिकडे माडाच्या झावळ्यांची झापं बांधून झाली होती.

पाहुणे पहिला प्रश्न विचारतात तो एसीचा. एसी लावायचा तर कौलांखाली सपाट छत घालावं लागतं, आणि छत घातलं की वासे दिसेनासे होतात, वाळवी लागलेली कळतही नाही. काका ठाम नाही म्हणतात. संडास-बाथरूम मात्र त्यांनी वळईत नवं, स्वच्छ केलं आहे, आणि नळ भिंत न फोडता बाहेरून नेले आहेत. मला हा निवाडा अगदी योग्य वाटतो. माणसाची सोय तर झाली पाहिजे, पण भिंतीला धक्का न लावता.

भाड्याची निम्मी रक्कम आगाऊ द्यायची, ओळखपत्र दाखवायचं, मासे हवे असतील तर आदल्या रात्री काकींना सांगायचं. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद, किल्ल्याच्या होड्या बंद, पाहुणेही जवळपास बंद. वर्षाचं उत्पन्न ऑक्टोबर ते मे एवढ्यातच काढायचं आणि त्यातला मोठा वाटा छपरालाच जातो.

तरीही भाड्यानेच हे घर वाचलं, असं मला वाटतं. पैशामुळे तर वाचलंच, पण वावरामुळे जास्त. दारं-खिडक्या उघडतात, वारा खेळतो, रोज झाडू फिरतो, चुलीचा धूर वाशांना लागतो आणि किडीला थारा मिळत नाही. चाकरमान्यांच्या कुलूपबंद घरांना नेमकं हेच मिळत नाही, मग आढं खाली बसायला फार पावसाळे लागत नाहीत.

शेजारचं घर तसंच बंद आहे. आम्ही तिथे असतानाच त्याच्या मालकाने मुंबईहून येऊन किल्ली काकांच्या हाती दिली. तिथल्या भिंतींवरही सिमेंट आहे. या पावसाळ्यात नुसती कौलं राखायची, दिवाळीनंतर गिलावा खरवडायला घ्यायचा, आणि चुन्याचा खड्डा आत्ताच खणून ठेवायचा, असं दोघांचं लोट्यावर बसून ठरलं.