खिशातले दोन कॅमेरे

परवा पुतणी घरी आली होती. नागपूरला कॉलेजात शिकते. हातात चांगला महागाचा मोबाइल, तरी मला म्हणाली, "बडे अब्बा, तुमच्याकडे तो जुना डिजिटल कॅमेरा होता ना, तो मला द्या." मला आधी थट्टाच वाटली. ज्या वस्तू आम्ही फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकल्या, त्या आता तरुण मुलं शोधत फिरतात, हे तिनंच मला सांगितलं. मोबाइलच्या त्याच त्या गुळगुळीत फोटोंचा त्यांना कंटाळा आला आहे म्हणे.

एक काळ या कॅमेऱ्यांचा होता. २०१० साली जगभरात बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. मग मोबाइल आला आणि २०२३ पर्यंत हा आकडा ऐंशी लाखांच्याही खाली गेला. त्या बारा कोटींतले पुष्कळसे छोटे, खिशात मावणारे होते. ते गेले कुठं? तुमच्या-आमच्या कपाटांत.

माझ्या माळ्यावरून एक नव्हे, दोन निघाले. दोन्ही २००८ साली बाजारात आलेले. एक सोनीचा सायबरशॉट डब्ल्यू-१२०, तो माझा. दुसरा कॅननचा पॉवरशॉट ए-५९० आयएस, तो पुतणीच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा. त्यानं मोबाइल घेतल्यावर तो माझ्याकडेच राहिला. पुतणीनं विचारलं, "यातला चांगला कोणता?" प्रश्न साधा होता, पण उत्तराला अख्खी संध्याकाळ लागली. तेच उत्तर आज तुमच्यापुढं मांडतो. कारण उद्या तुमच्याही घरात कुणीतरी हाच प्रश्न विचारणार आहे.

त्या काळी दुकानात गिऱ्हाईक पहिला प्रश्न करायचं तो मेगापिक्सेलचा. मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरनं १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा त्याच्या चित्रात अवघे दहा हजार ठिपके होते, आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद लागत. आमच्या दोन कॅमेऱ्यांत सोनी ७.२ मेगापिक्सेलचा, कॅनन ८ चा. म्हणजे कॅनन आठ लाखांनी पुढं. ऐकायला मोठं वाटतं. पण हिशोब करून पाहा. सोनीचं चित्र आडव्यात ३०७२ ठिपक्यांचं, कॅननचं ३२६४. फरक १९२ ठिपक्यांचा, शेकडा सहा. आपण स्टुडिओतून चार बाय सहा इंचाचे फोटो छापून आणतो. त्यांना इंचाला तीनशे ठिपके धरले तरी बावीस लाखांच्या आत काम भागतं. दोघांकडेही त्याच्या तिपटीहून जास्त आहेत. तेव्हा या आकड्यावरून कॅमेरा निवडणं म्हणजे पोत्यावरच्या छापावरून तांदूळ पारखण्यासारखं आहे.

तांदळाचंच उदाहरण पुढं चालवतो. कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारी एक बारीक चिप असते. या दोन्ही कॅमेऱ्यांत ती एकाच मापाची आहे : लांबीला पावणेसहा मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे तांदळाच्या एका दाण्याएवढी. आता समजा एक एकर जमीन आहे. तिच्यात तुम्ही दहा बांध्या पाडा की वीस, आभाळातून पडणारं पाणी तेवढंच. बांध्या वाढल्या की एकेकीच्या वाट्याचं पाणी कमी. ठिपक्यांचंही असंच आहे. चिप तेवढीच ठेवून ठिपके वाढवले की एकेका ठिपक्याला प्रकाश कमी मिळतो, आणि अंधुक उजेडात फोटोवर रवाळ दाणे दिसू लागतात. आमच्या दोघांत फरक थोडा, म्हणून दाण्यांच्या बाबतीत दोघे भाऊ-भाऊच. संध्याकाळनंतर दोघेही चाचपडतात. आजचा चांगला मोबाइल अंधारात या दोघांनाही मागं टाकतो, हे पुतणीला मी स्पष्ट सांगितलं. मुलं म्हणतात जुन्या चिपच्या रंगात जादू आहे. पण रंग ठरतो तो बराचसा कॅमेऱ्याच्या पोटातल्या हिशोबानं, नुसत्या चिपनं नव्हे.

मग फरक कुठं आहे? पहिला भिंगात. झूम दोघांचंही चौपट, आणि हात हलला तरी चित्र सावरून धरण्याची सोयही दोघांत आहे. पण सोनीचं भिंग ३२ मिलिमीटरपासून सुरू होतं आणि कॅननचं ३५ पासून. हा आकडा जितका लहान तितकं दृश्य रुंद. दहा फुटांवर उभं राहिलात तर कॅननमध्ये सुमारे दहा फूट रुंदी मावते, सोनीत पावणेअकरा. पाऊण फूट म्हणजे काय असं वाटेल. लहानशा खोलीत घरातली माणसं ओळीनं उभी केली की कळतं. त्या पाऊण फुटात टोकाला उभी राहिलेली एक नात मावते.

दुसरा फरक अधिकाराचा. सोनीत बहुतेक निर्णय कॅमेरा घेतो. कॅननमध्ये उजेड किती वेळ आत घ्यायचा, हे तुम्ही ठरवू शकता, अगदी पंधरा सेकंदांपर्यंत. आपलं भंडारा पितळी भांड्यांचं गाव. भट्टीपुढं काम करणाऱ्या कारागिराचा फोटो फ्लॅश मारून काढला तर भट्टीची सारी लाली नाहीशी होते आणि माणूस भुतासारखा पांढरा दिसतो. या छोट्या कॅमेऱ्यांचा फ्लॅश तसाही दहा-बारा फुटांपलीकडे पोचत नाही. अशा वेळी फ्लॅश बंद करावा, कॅमेरा एखाद्या पालथ्या गुंडावर टेकवावा, कारागिराला क्षणभर थांबायला सांगावं, सेल्फ टायमर लावून हात काढून घ्यावा. उरलेलं काम कॅनन करतो. सोनीही करून पाहतो, पण कॅनन तुमचं ऐकतो. शिकायचं असेल तर कॅननपाशी शिकावं.

सोनीचा स्वतःचा एक गुण आहे. त्याला हसू ओळखता येतं. ती सोय चालू करून कॅमेरा समोर धरला की चेहऱ्यावर हसू उमटताच तो आपणहून फोटो काढतो. शिवाय तो हलका. बॅटरीसकट दीडशे ग्रॅमच्या आसपास. कॅनन सेल घातल्यावर सव्वादोनशेच्या घरात जातो आणि सदऱ्याचा खिसा ओढून धरतो. जो जड वाटतो तो घरी राहतो, हा माझा अनुभव आहे.

तिसरा फरक पोटापाण्याचा. सोनी स्वतःच्या खास बॅटरीवर चालतो. ती संपली की चार्जर हवा आणि वीज हवी. कॅननला दोन पेन्सिल सेल पुरतात. सोनीचं कार्डही वेगळं, मेमरी स्टिक ड्यूओ नावाचं. कॅननचं एसडी कार्ड, जे आजही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. सोनीनंही २०१० पासून एसडी चालणारे कॅमेरे आणले, पण माझा त्याआधीचा. हा फरक किती मोठा, ते मला २०१० च्या उन्हाळ्यात कळलं.

पवनी तालुक्यात वैनगंगेच्या काठी माझ्या खालाचं गाव होतं. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली होती. त्यानंतर वीस-बावीस वर्षं गाव 'पाणी येणार, पाणी येणार' असं ऐकत होतं. आता ते खरंच येणार होतं. माणसं दारं-खिडक्या काढून बंड्यांवर लादत होती. भाऊ आणि मी दोघे आपापले कॅमेरे घेऊन गेलो. आदल्या रात्री भारनियमन होतं आणि मीही आळस केला. सोनीची बॅटरी अर्धवट चार्ज करूनच निघालो.

खाला फोटोला राजी नव्हती. "बेटा, घराचा काढ. माझा कशाला?" असं म्हणत ती चौकटीपाशी पाठमोरी उभी राहिली. मी हसू टिपायची सोय चालू करून थांबलो. खाला वळली, पण हसेना. कॅमेरा गप्प, मीही गप्प. तेवढ्यात शेजारची म्हातारी ओरडली, "आमचाही काढ ना गा भाऊ, आमी का पान्यात बुडून जाऊ?" त्यावर खाला खळखळून हसली आणि सोनीनं आपला फोटो घेतला. मग घराचा एक, गल्लीचे तीन-चार, आणि बॅटरी संपली. गावात वीज नव्हती. अर्ध्या गावाच्या तर तारा उतरवलेल्या होत्या.

पुढची दुपार भावाच्या कॅननवर निघाली. त्याचेही सेल संपले, तेव्हा किराणा दुकानदार सामान बांधत होता. त्याच्या बरणीतून टॉर्चचे साधे सेल घेतले. साध्या सेलवर असा कॅमेरा फार चालत नाही. त्याला एकदम जास्त वीज लागते आणि ते लवकर दमतात. चौदा फोटो मिळाले. चौदाच मिळणार हे आधी ठाऊक नव्हतं, म्हणून प्रत्येक फोटोआधी दोघे भाऊ भांडलो. विहीर, निंबाखालचा पार, शाळेची पाढे लिहिलेली भिंत, कब्रस्तानाचा कोपरा, डोंग्याचा घाट. ज्या गावात वीज नाही तिथं सेलवर चालणारा कॅमेरा कामाचा, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

म्हणून पुतणीला मी कॅनन दिला. रोजच्या वापराला तोच बरा. सेल मिळतात, कार्ड मिळतं, आणि हाताला शिकवतो. तुम्हीही असा जुना कॅमेरा माळ्यावरून काढलात किंवा कुणाकडून विकत घेतलात तर काही गोष्टी पाहून घ्या. सेलच्या कप्प्यात पांढरी-हिरवी बुरशी दिसते का ते पाहा. सेल आत राहून पाझरले की तिथली पत्री खराब होते. भिंग बाहेर येऊन नीट आत जातं का, फ्लॅश उडतो का, पाहा. कार्ड नवं, चौसष्ट जीबीचं घेऊ नका; त्या काळचे कॅमेरे ते ओळखत नाहीत, बत्तीसच्या आतलं घ्या. सेल निकेलचे, पुन्हा चार्ज होणारे घ्या, आणि वापर झाला की बाहेर काढून ठेवा. सोनीसारखा कॅमेरा घेणार असाल तर चार्जर आणि कार्ड सोबत आहे ना, हे आधी विचारा.

पण कॅमेरा देताना मी एक अटही घातली : दर महिन्याला दहा तरी फोटो कागदावर छापून आणायचे. अट ऐकून ती हसली. तिला कारण सांगितलं, तेच सांगून थांबतो.

त्या दिवसाचे सगळे फोटो मी घरच्या संगणकात भरले आणि दोन्ही कार्डं पुसून पुन्हा वापरायला घेतली. सीडी काढीन काढीन म्हणत राहिलो. स्टुडिओतून तेवढे अकरा फोटो छापून आणले, माणसांचे, कारण पाहुण्यांना वाटायचे होते. २०१३ साली संगणकाची हार्ड डिस्क गेली. त्यात पार गेला, शाळेची भिंत गेली, घाट गेला. उरले ते अकरा कागद.

पुनर्वसनाच्या गावठाणातल्या नव्या घरी खालानं एकदा विचारलं, "बेटा, घराचा काढला होतास ना, तो दाखव." तो मी काढला होता, पण छापला नव्हता. मी तिचाच हसरा फोटो तिच्या हातात ठेवला. तिनं स्वतःकडे पाहिलंच नाही. फोटोच्या डाव्या कडेवर बोट ठेवलं. तिथं तिच्या खांद्यामागं दाराच्या चौकटीची एक उभी पट्टी आली होती, निळ्या रंगाची, वर खिळ्याला अडकवलेली लोखंडी कडी. सहा फुटांवरून सोनीत अर्धा फूट जास्त मावतं, तो हा अर्धा फूट.

खाला आता नाही. घराचं म्हणून आमच्याकडे तेवढंच आहे.

(नभोवाणी भाषणावरून)