ढोल बांधायचा असेल तर टॅटू नंतर
पुण्यात टॅटू काढते, म्हणून गणपतीच्या आधी आलेल्या प्रत्येकाला मी विचारते, "ढोलपथकात आहेस का?" असेल तर कमरेवरचा टॅटू विसर्जनानंतरच. ओल्या जखमेवर ढोलाचा दोर, घाम आणि गुलाल मला बघवत नाही.

हो, जखमच. सुई त्वचेचा वरचा थर भेदून शाई खालच्या थरात सोडते. वरचा थर भरायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात, आत त्याहून जास्त. हात धुऊन, कोमट पाणी आणि बिनवासाच्या सौम्य साबणाने दिवसातून दोनदा धुवा, स्वच्छ कपड्याने टिपा, मलम अगदी पातळ लावा. थापलं की जखम ओली राहते. आठवड्याभरात खपल्या धरतात, खाज सुटते. नख लावू नका, खपलीबरोबर शाईही निघते. आजीची हळदही नको. पोहणं, भर उन्हात फिरणं जखम भरेपर्यंत बंद.

लाली पसरत गेली, पू किंवा ताप आला, तर मला फोटो पाठवत बसू नका, थेट डॉक्टरांकडे जा. आणि रक्तदान करत असाल तर लक्षात ठेवा, आपल्याकडच्या नियमानुसार टॅटूनंतर १२ महिने रक्त देता येत नाही.