पुस्तक उघडं, तरी परीक्षा अवघड

इंग्लंडमधल्या हॉस्पिटलमध्ये तुम्हाला तपासणारी व्यक्ती डॉक्टरच असेल, असं नाही. अनुभवी नर्स, फिजिओथेरपिस्ट, पॅरामेडिक किंवा फार्मासिस्टही पुढचं शिक्षण घेऊन तिथे रुग्ण तपासतात, निदान करतात आणि उपचार ठरवतात. त्यांना 'अ‍ॅडव्हान्स्ड क्लिनिकल प्रॅक्टिशनर' म्हणतात. नोकरी आणि पगार चालू ठेवून हा पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण करता येतो. त्याला साधारण 3 वर्षं लागतात. पण त्यानंतर ही व्यक्ती स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घ्यायला तयार झाली, हे ठरवायचं कसं?

चार खांब

2017 मध्ये इंग्लंडने या कामाचे चार खांब ठरवले: रुग्णसेवा, नेतृत्व, शिकवणं आणि संशोधन. त्यामुळे फक्त हात सफाईदार असून भागत नाही. शिकत असताना वरिष्ठ प्रत्यक्ष काम पाहतात आणि त्याच्या नोंदी जमा होतात. हॉस्पिटल आणि विद्यापीठ दोघांनीही होकार दिला, तरच शेवटच्या परीक्षेला बसता येतं.

उत्तर पुस्तकात नसतं

या परीक्षेच्या मूळ आराखड्यात दोन भाग आहेत. पहिला भाग म्हणजे पुस्तक उघडून द्यायचा पेपर. ऐकायला सोपा वाटतो ना? पण समजा, 70 वर्षांच्या आजींना अचानक धाप लागली आहे. न्यूमोनिया, हृदयाचा त्रास की फुप्फुसात अडकलेली गुठळी? पुस्तकात तिन्हींची माहिती मिळेल. या आजींसाठी आधी कोणती तपासणी करायची आणि वरिष्ठांना कधी बोलवायचं, हे मात्र स्वतःलाच ठरवावं लागतं.

दुसऱ्या भागात आपल्या विभागात घडवलेला एखादा बदल मांडायचा आणि प्रश्नांना उत्तरं द्यायची. परीक्षक तटस्थ हवा, म्हणजे ज्याने शिकवलं त्यानेच पास केलं, असं होत नाही.

माहीत असणं आणि करता येणं

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1990 मध्ये चार पायऱ्या सांगितल्या: माहीत असणं, कसं करायचं ते कळणं, करून दाखवणं आणि रोजच्या कामात खरोखर करणं. रेसिपी पाठ असणं वेगळं आणि वीस पाहुण्यांचा स्वयंपाक वेळेत करणं वेगळं, तसंच हे!

आपल्याकडेही इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनरसाठी 2 वर्षांचा पदव्युत्तर रेसिडेन्सी अभ्यासक्रम आहे. घरातली लेक किंवा सून असं शिक्षण निवडत असेल, तर फीबरोबर एक प्रश्न नक्की विचारा: रुग्णाजवळ उभं राहून तिचं काम कोण तपासणार? 'इथे मला मदत हवी' हे वेळेवर ओळखणं हीसुद्धा तिथेच शिकायची गोष्ट आहे.